निरोपाचे दार अडते तेव्हा

फोन अद्ययावत झाल्यावर किंवा बदलल्यावर व्हॉट्सॲपचा प्रवेश का थांबतो आणि तो शांतपणे कसा मोकळा करावा

एके काळी घरातला निरोप पोस्टमनच्या पिशवीतून येत असे आणि तातडीचा असेल तर तारेने. तारवाला दारात उभा राहिला की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकत असे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्या सुमारास एका हिरव्या चिन्हाच्या ॲपने घराघरांत प्रवेश केलेला होता. जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन या दोघांनी २००९ मध्ये सुरू केलेले व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुकने विकत घेतले आणि पुढील काही वर्षांत ते भारतीय कुटुंबाच्या नित्य व्यवहाराचा भाग झाले. आज साधू-साध्वींच्या विहाराची सूचना त्यावर येते. पाठशाळेची बदललेली वेळ, सोयरिकीसाठी पाठवलेला परिचय, निधनवार्ता आणि उठावण्याचा वार, पर्युषणाच्या अखेरीस येणारे क्षमापनेचे संदेश, परदेशी असलेल्या नातवाचे पहिले पाऊल, हे सारे त्याच एका चौकटीत साठते.

म्हणूनच एखाद्या सकाळी ती चौकट उघडत नाही तेव्हा घरात अस्वस्थता पसरते. रात्रीतून फोनचे सॉफ्टवेअर अद्ययावत झालेले असते किंवा मुलाने हौसेने नवा फोन आणलेला असतो. पडद्यावर ओळखीच्या नावांची यादी दिसत नाही. ‘आपला फोन नंबर टाका’ एवढेच शब्द दिसतात. काही वेळा तेही दिसत नाहीत, नुसते गोल चक्र फिरत राहते. मग घरातला कोणी तरुण फोन हाती घेतो, ॲप काढून टाकतो, पुन्हा उतरवून घेतो, पुढे येणाऱ्या प्रत्येक प्रश्नावर घाईने बोट ठेवतो. पाच मिनिटांत व्हॉट्सॲप सुरू होते, परंतु ते रिकामे असते. आजोबांच्या आवाजातले शेवटचे ध्वनिसंदेश त्यात नसतात.

या विषयात नेमके हेच ध्यानी ठेवण्याजोगे आहे. प्रवेश अडल्यामुळे सहसा काहीच गमावले जात नाही. जे गमावले जाते ते बहुधा प्रवेश मिळवण्याच्या घाईत. म्हणून उपाय माहीत असण्याइतकाच त्यांचा क्रम माहीत असणे आवश्यक आहे. जे उपाय परतवता येतात ते आधी करावेत आणि जे परतवता येत नाहीत ते अगदी शेवटी, तेही जपणूक करून.

खाते एकीकडे, संदेश दुसरीकडे

जुन्या काळातील संदेशसेवांमध्ये नाव आणि पासवर्ड अशी जोडी असे. याहू मेसेंजर, जे १७ जुलै २०१८ रोजी कायमचे बंद झाले, ते त्याच पद्धतीचे होते. कोणत्याही संगणकावर बसावे, नाव व पासवर्ड टाकावा, आत जावे. व्हॉट्सॲपची रचना निराळी आहे. येथे पासवर्डाऐवजी मोबाईल नंबर हीच ओळख धरली जाते. तो नंबर खरोखर आपल्याच हाती आहे हे पटवण्यासाठी त्यावर सहा अंकी कोड येतो. कोड जुळला की तो फोन त्या नंबरचा मुख्य फोन ठरतो आणि आधीच्या फोनवरील प्रवेश आपोआप संपतो.

यातून एक दिलासा मिळतो. खाते नंबराशी बांधलेले असल्याने फोन बिघडला, हरवला किंवा बदलला तरी खाते नाहीसे होत नाही. त्याच नंबरने पुन्हा प्रवेश केला की ज्या गटांमध्ये आपण आहोत ते गट परत दिसू लागतात.

संदेशांचे मात्र तसे नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतील अशा कूटरूपात जातात. पोचलेला संदेश कंपनीच्या यंत्रणेत राहत नाही. न पोचलेला संदेश तेथे कूटरूपात तीस दिवसांपर्यंत थांबतो आणि मग पुसला जातो. याचा अर्थ असा की दहा वर्षांचा पत्रव्यवहार प्रत्यक्षात एकाच ठिकाणी असतो, तो म्हणजे हातातल्या फोनमध्ये. त्याची दुसरी प्रत हवी असेल तर ती बॅकअपच्या रूपाने आपणच ठेवावी लागते. अँड्रॉइड फोनवर ही प्रत गुगल खात्यात जाते, आयफोनवर ती आयक्लाउडमध्ये जाते. प्रवेशाच्या अडचणीत खाते सुरक्षित असते आणि संदेश असुरक्षित असतात, हा भेद एकदा मनात पक्का झाला की पुढील सारा क्रम आपोआप उलगडतो.

पडद्यावर काय लिहिले आहे?

वैद्याने नाडी पाहण्याआधी औषध देऊ नये, तसेच येथेही आहे. पडद्यावर आलेली सूचना सावकाश वाचावी, शक्य असल्यास तिचे छायाचित्र घेऊन ठेवावे. बहुतेक सूचना चार-पाच प्रकारांत मोडतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

फोनची तारीख चुकीची आहे, असे सांगणारी सूचना अनेकांना हास्यास्पद वाटते. तारखेचा आणि निरोपाचा काय संबंध? संबंध मोठा आहे. फोन आणि दूरची यंत्रणा एकमेकांची ओळख डिजिटल प्रमाणपत्राने पटवतात आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. बॅटरी पूर्ण संपून फोन बंद पडल्यावर किंवा सॉफ्टवेअर नव्याने बसवल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असू शकते. मग खरे प्रमाणपत्रही फोनला अवैध भासते आणि दार उघडत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन तारीख व वेळ आपोआप घेण्याची सोय सुरू केली की बहुधा काम होते.

ॲपची ही आवृत्ती कालबाह्य झाली आहे, ही सूचना आली तर प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून ॲप अद्ययावत करावे. अद्ययावत करण्यासाठी ॲप काढून टाकण्याची मुळीच गरज नसते. अपडेट मध्येच थांबत असेल तर फोनमधील मोकळी जागा पाहावी. सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी आणि चित्रफितींनी जागा भरून गेलेली असते, हे अनेक घरांतले वास्तव आहे.

कधी कधी फोनच जुना झालेला असतो. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या प्रणालीवर व्हॉट्सॲप चालणे बंद झाले. मे २०२५ मध्ये आयओएस १५.१ पूर्वीच्या आयफोनांवरही ते थांबले. आयफोन ५एस आणि आयफोन ६ यांना त्यापुढची प्रणाली मिळतच नसल्याने त्या फोनांचा या कामापुरता मार्ग तेथेच संपला. अशा वेळी ॲपशी झटापट करण्यात अर्थ नसतो. ॲप उघडत असेतोवरच बॅकअप घेऊन फोन बदलण्याची तयारी करावी.

‘जोडले जात आहे’ असे शब्द येऊन पुढे काहीच होत नसेल तर दोष बहुधा इंटरनेटच्या वाटेत असतो. घरातील वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर पाहावे, मग उलट करून पाहावे. व्हीपीएन किंवा जाहिराती रोखणारे ॲप असेल तर ते तात्पुरते बंद करावे. अद्ययावत झाल्यानंतर बॅटरी वाचवण्याची सोय आपोआप सुरू झाली असेल किंवा ॲपला डेटा वापरण्याची परवानगी उरली नसेल, तर तेही तपासावे. एवढे झाल्यावर फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. हे सारे उपाय परतवता येण्याजोगे आहेत. त्यांत एकही संदेश जात नाही.

प्रवेश होतो, परंतु माणसांच्या नावांऐवजी नुसते नंबर दिसतात, अशीही तक्रार असते. त्यात काही हरवलेले नसते. नव्या किंवा अद्ययावत फोनवर संपर्कयादी पाहण्याची परवानगी ॲपला मिळालेली नसते. ती दिली की नावे परत येतात.

कोड येत नाही तेव्हा

नंबर टाकला, वाट पाहिली, कोड आलाच नाही, ही सर्वांत सामान्य अडचण. प्रथम नंबर पुन्हा वाचावा. देशाचा क्रमांक भारतासाठी ९१ असावा आणि पुढे दहाच अंक असावेत. सवयीने सुरुवातीला लावलेले शून्य चालत नाही. त्यानंतर त्या सिमकार्डावर साधा एसएमएस येतो का, हे घरातल्या दुसऱ्या फोनवरून पाठवून पाहावे. रिचार्ज संपलेले असेल, सिम नीट बसलेले नसेल किंवा दोन सिमच्या फोनमध्ये दुसरेच सिम चालू असेल, तर दोष व्हॉट्सॲपचा नसतो. एसएमएसच्या ‘स्पॅम’ कप्प्यातही एकदा डोकवावे.

नवा फोन घेताना पुष्कळ जण सिमकार्डही बदलतात. जुने सिम आकाराने मोठे असते किंवा ई-सिम घ्यावयाचे असते. येथे एक नियम ठाऊक असावा. भारतात सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएसची सेवा बंद ठेवली जाते. कोणी परस्पर दुसऱ्याचे सिम काढून बँकेचे कोड मिळवू नयेत, यासाठी ही योजना आहे. त्या दिवशी कोड न येणे हा बिघाड नसून संरक्षण आहे. एक दिवस थांबावे, एवढाच त्याचा उपाय. शक्य असल्यास फोन आणि सिम एकाच दिवशी बदलूच नयेत.

कोड येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा मागणी करण्याचा मोह आवरावा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर थांबण्याचा अवधी वाढत जातो, मिनिटांचे तास होतात. घड्याळ शून्यावर येऊ द्यावे आणि मग फोन कॉलद्वारे कोड ऐकण्याचा पर्याय निवडावा. यंत्राच्या आवाजात सहा अंक सांगितले जातात, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. जुन्या फोनवर व्हॉट्सॲप अजून चालू असेल तर कधी कधी कोड तेथेच दिसतो. म्हणून जुना फोन लगेच कपाटात ठेवू नये किंवा दुकानदाराला देऊन टाकू नये.

काहींनी ‘अधिक सोयी’ असलेली व्हॉट्सॲपची अनधिकृत आवृत्ती कोणाच्या तरी सांगण्यावरून बसवलेली असते. अशा आवृत्तीवरून खाते तात्पुरते रोखले जाते आणि पडद्यावर उलटे घड्याळ दिसते. ती आवृत्ती सोडून अधिकृत ॲपवर यावे, हाच मार्ग.

दोन बटणांतील अंतर

येथवरच्या उपायांनी काम झाले नाही तर अनेकांचे बोट सेटिंग्जमधील दोन जवळजवळच्या बटणांकडे जाते. एक आहे ‘कॅशे साफ करा’, दुसरे आहे ‘डेटा साफ करा’ किंवा काही फोनांवर ‘स्टोरेज साफ करा’. शब्द सारखे भासतात, परिणामांत आकाशपाताळाचे अंतर आहे. कॅशे म्हणजे ॲपने सोयीसाठी काढून ठेवलेली तात्पुरती टिपणे. ती पुसली तरी संदेशांना धक्का लागत नाही. डेटा म्हणजे ॲपचे सारे घरच. तो पुसला की ॲप जणू आजच बसवले अशा अवस्थेत जाते, नंबर विचारते आणि फोनमधील पत्रव्यवहार निघून जातो. ॲप काढून टाकण्याचा परिणामही तोच. त्यामुळे ही दोन पावले टाकण्यापूर्वी शेवटचा बॅकअप कधी झाला, हे पाहणे अनिवार्य आहे. ॲप उघडत असेल तर चॅट्सच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअप या ठिकाणी त्याची तारीख दिसते. ॲप उघडत नसेल तर गुगल खात्याच्या साठवणीत जाऊन ती पाहता येते.

बॅकअप रोज होतो, असे समजून चालणारी अनेक घरे प्रत्यक्षात महिनोन् महिने बॅकअपविना असतात. त्याचे कारण साधे आहे. गुगल खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. पूर्वी व्हॉट्सॲपचा बॅकअप त्या मापात धरला जात नसे. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने तो धरला जाऊ लागला. आयक्लाउडवर तर विनामूल्य जागा ५ जीबीच आहे. छायाचित्रांनी जागा भरली की बॅकअप मुकाट्याने थांबतो. चित्रफिती वगळून केवळ संदेश, ध्वनी आणि छायाचित्रे जपली तर तेवढ्या जागेत बहुतेकांचे भागते.

बॅकअप परत आणण्याच्या दोन अटी आहेत. नंबर तोच हवा आणि ज्या गुगल किंवा ॲपल खात्यात तो ठेवला तेच खाते नव्या फोनवर हवे. दुकानातील मुलाने नवा फोन सुरू करताना घाईघाईत नवेच गुगल खाते उघडून दिले, की जुना बॅकअप अस्तित्वात असूनही सापडत नाही. शिवाय तो परत आणण्याचा प्रश्न प्रवेशाच्या वेळी एकदाच विचारला जातो. ‘वगळा’ या शब्दावर बोट पडले की वाट बंद होते आणि सारी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते. त्या पडद्यावर क्षणभर थांबावे. घरातल्या आठवणींचा निर्णय तेथेच होतो.

अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गुगलमधील बॅकअप आयफोनला वाचता येत नाही. त्यासाठी ॲपलच्या ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपने थेट स्थलांतर करावे लागते आणि ते नवा आयफोन प्रथम सुरू करतानाच सोपे जाते. दोन्ही अँड्रॉइड फोन जवळ असतील तर २०२३ पासून चॅट स्थलांतराची सोय ॲपमध्येच आहे. जुन्या फोनने नव्यावरील चौकोनी क्यूआर संकेत टिपला की सारे तिकडे जाते.

सहा अंकी पिन आणि विसरलेला पासवर्ड

कोडनंतर कधी दुसरा सहा अंकी पिन विचारला जातो. हा एसएमएसने येत नाही. तो खातेधारकाने स्वतः कधीतरी ठरवलेला असतो. २०१७ मध्ये आलेली ही दुहेरी पडताळणी अत्यंत उपयुक्त आहे, मात्र ठरवलेला पिन विसरला तर तीच अडसर होते. ईमेल नोंदवलेला असेल तर त्यावर येणाऱ्या दुव्याने पिन नव्याने ठरवता येतो. ईमेल नसेल तर सात दिवस थांबावे लागते, त्यानंतर पिन बदलता येतो. अंदाजाने अंक टाकत बसू नये. पिन ठरवतानाच ईमेल नोंदवावा. ईमेल नातवाचा असेल तर नातवालाही ते सांगून ठेवावे.

बॅकअपलाही स्वतंत्र कूटसंरक्षण देता येते. २०२१ मध्ये आलेल्या या सोयीत एक पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली ठरवली जाते. फोन हातचा गेला आणि हा पासवर्डही हरवला तर तो बॅकअप गुगल, ॲपल किंवा व्हॉट्सॲप यांपैकी कोणीही उघडून देऊ शकत नाही. सोय उत्तम आहे, पण पासवर्ड घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत लिहून ठेवणाऱ्यांसाठी.

दुकानातील संगणक, परदेशातील मुक्काम

दुकानाच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावर व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांना फोन बदलल्यावर तेथून बाहेर पडल्याचे दिसते. तो बिघाड नाही. संगणक हा जोडलेला साथीदार असतो, खाते फोनवरच असते. नव्या फोनमधून लिंक्ड डिव्हायसेस या ठिकाणी जाऊन संगणकाच्या पडद्यावरील क्यूआर संकेत पुन्हा टिपावा. अशी चार उपकरणे जोडता येतात. मुख्य फोन १४ दिवस वापरला गेला नाही तर ती आपोआप तुटतात. त्याच यादीत एखादे अनोळखी उपकरण दिसले तर ते तत्क्षणी काढून टाकावे.

मुलांकडे अमेरिकेत किंवा दुबईत काही महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांची अडचण वेगळी असते. भारतीय सिम पर्समध्ये ठेवून दिलेले असते आणि वाय-फायवर व्हॉट्सॲप सुरळीत चालते. कारण नोंदणीनंतर ॲपला सिमची रोज गरज पडत नाही. तेथे नवा फोन घेतला की मात्र कोड भारतीय नंबरवर येतो आणि रोमिंग नसलेल्या, रिचार्ज संपलेल्या सिमवर तो पोचत नाही. म्हणून प्रवासापूर्वी सिमचे रिचार्ज परतीच्या तारखेपुढपर्यंत करून ठेवावे, एसएमएस मिळेल एवढे रोमिंग सुरू करावे, दुहेरी पडताळणीत ईमेल नोंदवावा आणि शक्य तर फोन मायदेशी असतानाच बदलावा. तेथील स्थानिक नंबर कायमचा घ्यावयाचा असेल तर ॲपमधील ‘नंबर बदला’ ही सोय वापरावी.

दीर्घकाळ न वापरलेला नंबर कायमचा बंद होतो आणि ९० दिवसांच्या अवधीनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. व्हॉट्सॲप खातेही १२० दिवस निष्क्रिय राहिले तर पुसले जाते. दिवंगत वडिलांचा नंबर बंद करण्यापूर्वी त्यांच्या फोनमधील संदेश आणि छायाचित्रे जपून घेणे, घरातील गटांमधून तो नंबर काढून घेणे आणि बँकेतील नोंद बदलणे, ही कामे दुःखाच्या दिवसांत सुचत नाहीत. कुटुंबातील कोणीतरी ती स्वतःकडे घ्यावीत.

कोड मागणारा आवाज

प्रवेश अडलेला माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या माणसाला फसवणे सोपे असते. इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधला की ‘ग्राहक सेवा’ म्हणून भलताच कोणी बोलू लागतो. व्हॉट्सॲप प्रवेशाच्या अडचणीसाठी दूरध्वनीवरून मदत करीत नाही. मदत ॲपमधूनच मागावी लागते. फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप बसवा, असे कोणी सांगितले तर संभाषण तेथेच थांबवावे. ते ॲप बसताच बँकेचे कोडही परक्याच्या डोळ्यांसमोर येतात.

दुसरा सापळा ओळखीच्या नावाने येतो. नात्यातील एखाद्याच्या नंबरवरून संदेश येतो, ‘चुकून माझा कोड तुमच्याकडे गेला आहे, तेवढा पाठवा.’ त्या नातेवाइकाचे खाते आधीच चोरलेले असते आणि मागितलेला कोड आपल्याच खात्याचा असतो. तो दिला की आपले खाते चोराच्या फोनवर उघडते आणि आपल्या नावाने गटांमध्ये पैशांची मागणी सुरू होते. समाजाच्या गटात शब्दाला मान असलेल्या व्यक्तीचे खाते गेले तर नुकसान अधिक होते, कारण तिच्या नावावर लोक विचारपूस न करता पैसे पाठवतात. याच कुळातला आणखी एक प्रकार म्हणजे अक्षरे व अंक मिळून आठ चिन्हांचा कोड देऊन तो व्हॉट्सॲपमध्ये भरण्यास सांगणे. तो भरला की समोरच्याचा संगणक आपल्या खात्याशी जोडला जातो. *४०१* ने सुरू होणारा क्रमांक फिरवण्यास सांगून कॉल वळवणे हीही जुनी युक्ती आहे. कॉलवर सांगितला जाणारा कोड त्यामुळे चोराला ऐकू जातो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा पद्धतीने कॉल वळवण्याची सोय थांबवण्याचे निर्देश दिले. तरीही शंका आल्यास ##००२# फिरवून सर्व वळवलेले कॉल रद्द करावेत.

खाते चोरीला गेल्याचे कळताच रडत बसू नये, आपल्या फोनवर आपल्याच नंबरने पुन्हा प्रवेश करावा. एसएमएसवरील कोड टाकताच चोर बाहेर फेकला जातो. त्याने पिन ठरवून ठेवला असेल तर आपल्याला सात दिवस थांबावे लागेल, परंतु तोपर्यंत त्यालाही खाते वापरता येत नाही. दरम्यान नातेवाइकांना साध्या फोनने कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार द्यावी. तेथे तासांना नव्हे, मिनिटांना किंमत असते.

हातातून फोन काढून घेण्याआधी

आजी-आजोबांचा फोन अडला की घरातील तरुण तो हातातून घेतात, काही बटणे दाबतात आणि ‘झाले’ म्हणून परत करतात. मदत होते, पण ज्येष्ठांच्या मनात भीती वाढते. आपल्याला यातले काही कळत नाही, ही भावना पक्की होते आणि पुढच्या वेळी एखादा गोड बोलणारा अनोळखी आवाजही त्यांना आपल्याहून जाणता वाटू लागतो. फसवणुकीची सुरुवात पुष्कळदा या न्यूनगंडातून होते.

म्हणून फोन ज्याचा आहे त्याच्याच हातात राहू द्यावा. शेजारी बसावे, सूचना मोठ्याने वाचावी, तिचा मराठीत अर्थ सांगावा आणि बोट त्यांचेच ठेवू द्यावे. आठ दिवसांतून एकदा, सोयीच्या वारी, बॅकअपची तारीख पाहण्याची सवय लावावी. एका वहीत गुगल खात्याचे नाव, नोंदवलेला ईमेल, रिचार्ज संपण्याची तारीख आणि १९३० हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून द्यावा. पिन मात्र वहीत नको, तो विश्वासू व्यक्तीपाशी वेगळा असावा. पाठशाळेच्या किंवा महिला मंडळाच्या एखाद्या रविवारच्या बैठकीत तासभर यासाठी काढला तर एकाच वेळी अनेक घरांचे काम होईल. शिकवणारी मुले गावातच असतात, त्यांना बोलावण्याचाच काय तो अवकाश.

सॉफ्टवेअर बदलत राहणार. आज जे ॲप घराघरांत आहे तेही केव्हातरी याहू मेसेंजरच्या वाटेने जाईल. ज्या आवाजांची आणि छायाचित्रांची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही, ती एका ॲपच्या भरवशावर ठेवू नयेत. निवडक ध्वनिसंदेश आणि छायाचित्रे पेनड्राइव्हवर किंवा घरच्या संगणकावर वेगळी काढून ठेवावीत. ॲपमधील ‘चॅट एक्स्पोर्ट’ या सोयीने एखाद्या व्यक्तीशी झालेला पत्रव्यवहार मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतो. येत्या रविवारी जेवणानंतर अर्धा तास काढून घरातील प्रत्येक फोनचा बॅकअप शेवटचा कधी झाला, एवढे पाहिले तरी पुरे. ती तारीख जुनी निघाली तर तो अर्धा तास सार्थकी लागला असे समजावे.